पिकअपवरचे घडीचे घर : निर्माता निवडताना

पॉप-अप ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी, छत वर-खाली होणारी राहण्याची खोली. गाडी धावत असताना छत खाली दाबून कुलूपबंद केलेले असते. मुक्कामी पोहोचल्यावर ते साधारण दोन फूट वर उचलायचे. छत आणि भिंत यांच्यामधली फट कापडाच्या कनातीने भरून निघते आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. झोपायची जागा चालकाच्या केबिनच्या वर. खाली छोटा ओटा, बसायचे बाकडे, पाण्याची टाकी, बॅटरी आणि चार कप्पे. मोटरहोम आणि हा कॅम्पर यांत मुख्य फरक असा की कॅम्पर चार पायांवर उभा करून हौद्यातून उतरवून ठेवता येतो. मग तीच पिकअप दुसऱ्या दिवशी कापूस किंवा सिमेंट वाहायला मोकळी होते. वर्षातून चार वेळा फिरायला जाणाऱ्या आणि उरलेले वर्ष गाडीकडून काम करून घेणाऱ्या घराला दुसरे कोणतेही फिरते घर एवढे परवडत नाही.

बेल्लमपल्ली हे असेच कामाच्या गाड्यांचे गाव आहे. तेलंगणातल्या सिंगरेणी कोळसा पट्ट्यातले हे शहर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात गेली. काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्ग गावातून जातो. राष्ट्रीय महामार्ग ३६३ मंचेरियालहून मंदामर्री, बेल्लमपल्ली, आसिफाबाद, वांकिडी असा महाराष्ट्राच्या हद्दीला भिडतो. पुढे राजुरा, चंद्रपूर आणि ताडोबा. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे या पट्ट्यातल्या मराठी घरांचे सोयरसंबंध आजही हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत. एका बाजूला कवालचे जंगल, दुसऱ्या बाजूला प्राणहिता, वर केसलापूरची नागोबा जत्रा. मुक्कामाच्या गाडीला इथे कामाची कमतरता नाही. पण हाच मुलूख उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापतो, पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेतो आणि कोळशाच्या वाहतुकीने त्याचे आडरस्ते खिळखिळे होतात. कॅम्परचा निर्माता निवडताना माहितीपत्रकातल्या गुळगुळीत फोटोंपेक्षा या तीन गोष्टी समोर ठेवायला हव्यात.

हा प्रकार रुजला आणि वाढला तो अमेरिकेत. तिथे अनेक दशके एकच प्रश्न वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळ्या पद्धतीने सोडवला, आणि निवडीची कसोटी त्यातूनच घडली. १९७२ पासून चालत आलेली फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर भर देते. खाचखळग्यांत गाडीची चेसिस पिळली की सांगाडाही तेवढा लवतो आणि सांधे उकलत नाहीत, हा त्यामागचा विचार. कोलोरॅडोतील हॉलमार्क फायबरच्या संमिश्र भिंती आणि अखंड छत देते. त्यात कुजायला लाकूड नाही आणि पाणी शिरायला जोड कमी, पण वजन आणि किंमत दोन्ही चढतात. अलास्कन या जुन्या कंपनीने कापडच काढून टाकले. तिच्या कॅम्परचा वरचा अर्धा भाग कडक भिंतींसह हायड्रॉलिकवर वर सरकतो. थंडी, वारा आणि चोर यांच्यापुढे तो भक्कम; वजनाच्या बाबतीत मात्र तो चांगलाच जड. पॅलोमिनो ही मोठ्या कारखान्यातून निघणारी स्वस्त मालिका. सोयी भरपूर, बांधणी डांबरी रस्त्याला साजेशी. या चौघांत सर्वोत्तम कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणती गाडी, कोणता रस्ता आणि कोणते हवामान, हे ठरले की चारांतले दोन आपोआप गळतात.

भारतीय गिऱ्हाइकासाठी ही नावे मुख्यतः अभ्यासाची. परदेशी कॅम्पर मागवला तर जकात आणि जहाजभाडे भरूनही तो आपल्या गाडीत नीट बसेल याची शाश्वती नसते. अमेरिकी पिकअपचा हौदा चाकांच्या कमानींमध्ये अरुंद आणि बाजूंनी उंच असतो. आपल्याकडच्या बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धासारख्या गाड्यांचा हौदा सपाट असतो आणि त्याचे फाळके खाली पडतात. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांच्या हौद्याची ठेवण परदेशी पिकअपसारखी असली, तरी दुहेरी केबिनमुळे हौद्याची लांबी जेमतेम पाच फूट उरते. त्यामुळे इथे खरी निवड असते ती देशी बांधणीकारांत.

देशातले बहुतेक कारवान टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या बंद व्हॅनवर किंवा बसच्या चेसिसवर बांधले जातात. पिनॅकल किंवा जेसीबीएल यांसारख्या मोठ्या बॉडी-बिल्डर कंपन्या या क्षेत्रात आहेत. पिकअपवरच्या घराला बळ मिळाले ते सप्टेंबर २०२२ मध्ये. महिंद्राने आयआयटी मद्रासच्या छत्राखाली वाढलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीशी करार करून दुहेरी केबिनच्या बोलेरो कॅम्पर गोल्डवर चार जणांच्या झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बायो-टॉयलेटची सोय असलेले फिरते घर जाहीर केले. ते पॉप-अप नव्हे, पक्क्या भिंतींचे. तरीही मूळ गाडी बनवणाऱ्या कंपनीने अशा घराच्या मागे आपले नाव उभे करणे महत्त्वाचे होते. बाकी पॉप-अप बांधणारे म्हणजे छोटे कारखाने आणि फॅब्रिकेशनवाले. त्यांच्यात कसब भरपूर असते, पण कागदपत्रे आणि मोजमाप यांत तफावत फार.

सुरुवात वजनापासून करावी. प्रत्येक गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. यांतला फरक म्हणजे गाडीची ऐपत. हजार किलोची ऐपत असलेली दुहेरी केबिनची पिकअप घेतली असे धरू. हलका पॉप-अप सांगाडा ५०० किलो. फ्रिज, बॅटरी, सोलर पॅनेल, बाहेरची सावली मिळून १००. पंचाहत्तर लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. पाच किलोची गॅसची टाकी भरून १३. चार माणसे २६० आणि कपडे, भांडी, शिधा ८०. बेरीज १०२८. सहल सुरू होण्याआधीच गाडी ओव्हरलोड, आणि यात चूल पेटवायला घेतलेली लाकडेसुद्धा धरलेली नाहीत. हायलक्स, व्ही-क्रॉस या वर्गातल्या, खासगी वापरासाठी नोंदलेल्या गाड्यांची कागदोपत्री ऐपत तर याहून बरीच कमी असते. इंजिन दणकट आहे म्हणून गाडी भार पेलेल, हा समज महागात पडतो. पाटे, टायर आणि ब्रेक इंजिनाच्या ताकदीवर चालत नाहीत.

म्हणून निर्मात्याला पहिला प्रश्न विचारावा तो असा : तुमच्या कॅम्परचे वजन किती, आणि ते कोणत्या स्थितीतले? बरेच जण नुसत्या सांगाड्याचा आकडा सांगतात. फ्रिज, टाकी, खिडक्या, पाय हे सगळे ‘ऑप्शनल’ म्हणून बाहेर ठेवतात आणि प्रत्यक्ष गाडीत मात्र बसवतात. कोळशाच्या मुलखात राहण्याचा एक मोठा फायदा इथे उपयोगी पडतो : वजनकाटे सर्वत्र आहेत. कॅम्पर बसवून, पाणी भरून, माणसे बसवून गाडी काट्यावर घालावी. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची. मागच्या ॲक्सलवर त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त भार येत असेल तर एकूण वजन बसत असूनही तो कॅम्पर त्या गाडीचा नव्हे. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे पडला पाहिजे. अमेरिकेत ही जागा कॅम्परच्या बाजूवर खुणेने दाखवण्याचा प्रघात आहे. देशी बांधणीकाराने ती खूण करून दिली, तर त्याने हिशेब केला आहे असे समजावे. पाण्याची टाकी अगदी मागे, दाराजवळ ठेवणारा निर्माता टाळावा. टाकी भरली की गाडीचे नाक उचलते आणि स्टिअरिंग हलके लागते.

उंचीचा प्रश्न वजनाइतकाच गंभीर, पण तो लवकर सुटतो. छत खाली असताना पॉप-अप कॅम्पर केबिनच्या छपराहून फूटभरच वर दिसतो. पक्क्या भिंतींचा कॅम्पर दहा फुटांच्या पुढे जातो. रेल्वेखालची मोरी, झाडांच्या फांद्या आणि महामार्गावरचा आडवा वारा या तिघांशी ज्याची रोज गाठ, त्याने कापडाची थोडी गैरसोय सोसून पॉप-अप घेणेच शहाणपणाचे.

छत उचलण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली हाताने : पुढून आणि मागून पाठीने किंवा खांद्याने छत ढकलायचे, गॅसचे दांडे मदत करतात. यात बिघडण्यासारखे फार काही नाही आणि गॅसचे दांडे मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. पण छतावर सोलर पॅनेल आणि सामानाचा कॅरिअर चढवला की तेच छत घरातल्या वयस्कर माणसाला उचलत नाही. दुसरी पद्धत हँडल फिरवून तारेने किंवा दांड्याने उचलण्याची. तिसरी विजेवर चालणारी. विजेची सोय चांगली, पण निर्मात्याला एवढे विचारावे की रात्री मोटार बंद पडली तर छत हाताने खाली कसे आणायचे? छत उभे अडकले तर गाडी हलवता येत नाही. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, किंवा ज्याचे उत्तर ‘आम्हाला फोन करा’ एवढेच आहे, त्याच्याकडून विजेचे छत घेऊ नये.

पॉप-अपचा प्राण त्याच्या कापडात असतो, आणि निर्मात्यांमधला खरा फरक इथेच कळतो. विनाइलचा लेप दिलेले पॉलिएस्टर पाणी अडवते आणि पुसले की स्वच्छ होते. मात्र ते श्वास घेत नाही, त्यामुळे पावसाळी रात्री आत चार माणसे झोपली की सकाळी भिंतीला दव लागलेले असते. कॅनव्हास हवा खेळवते, उन्हात कमी तापते, पण ओले घडी केले तर दोन दिवसांत बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये कापड वाळवून मगच छत खाली आणायचे, ही चैन प्रवासात मिळत नाही. या भागासाठी लेपाचे कापड आणि त्याला चारही बाजूंनी मोठ्या जाळीच्या खिडक्या, ही जोडी योग्य.

कारखान्यात गेल्यावर छत वर-खाली करायला सांगावे आणि त्या वेळी फक्त चार कोपऱ्यांकडे पाहावे. छत खाली येताना कोपऱ्यातले कापड आत वळते की बाहेर चिमटीत सापडते? घडी दर वेळी एकाच रेषेवर पडत असेल तर ती रेष आधी पांढरी होते, मग तिथेच भेग जाते. चांगला निर्माता कोपऱ्यात दुहेरी थर देतो आणि कापड आत ओढणारी लवचीक दोरी बसवतो. शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली असावी. नुसत्या टाक्यांच्या भोकांतून पहिल्याच वळवाच्या सरीत पाणी झिरपते. मग कापडाची वरची आणि खालची कड पाहावी. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली स्क्रूने धरलेली असेल, तर सात-आठ वर्षांनी कापड उतरवून ताडपत्री शिवणाऱ्याकडून त्याच मापाचे नवे शिवून घेता येते. ती सरसाने कायमची चिकटवली असेल, तर कापडाचे आयुष्य संपले की कॅम्परचेही संपते.

सांगाडा कशाचा, हे भिंतीवर टिचकी मारून कळत नाही. अर्धवट बांधलेला कॅम्पर दाखवायला सांगावे. लोखंडी चौकोनी नळ्या स्वस्त आणि गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता येण्याजोग्या, पण जड आणि गंजणाऱ्या. ॲल्युमिनियम हलके, मात्र त्याचे वेल्डिंग सर्वांना साधत नाही. प्लायवूड आणि फोम यांचे चिकटवलेले पॅनेल नवे असताना सुरेख दिसते. खिडकीच्या कडेने एकदा पाणी शिरले की आतले लाकूड कुजते आणि बाहेरून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. छताचा पत्रा अखंड असावा, रंग पांढरा असावा.

कॅम्पर गाडीला धरून कसा ठेवला आहे, हा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. हौद्याच्या पत्र्याला चार बोल्ट मारून भागत नाही. पत्रा पातळ असतो आणि खड्ड्यांत बोल्टची भोके रुंदावत जातात. खाली रुंद जाड पट्टी देऊन बोल्ट आरपार घेतलेले असावेत, किंवा पकड थेट चेसिसपर्यंत पोहोचलेली असावी. हलक्या कॅम्परला हौद्यातले चार टर्नबकल पुरतात, पण पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावे लागतात. फाळक्याच्या हौद्यासाठी तर निर्मात्याने वेगळी चौकट करून द्यायला हवी. चेसिसला भोक पाडणारा किंवा तिच्यावर वेल्डिंग करणारा बांधणीकार, मग तो कितीही स्वस्त असो, दारातूनच परत पाठवावा. मूळ गाडीची वॉरंटी तिथेच संपते.

एप्रिल-मेच्या उन्हात कापडाच्या भिंतींची खोली दुपारी राहण्यासारखी नसते. कोणत्याही निर्मात्याने याहून वेगळे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. विजेचा हिशेब साधा आहे. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे १२०० वॅट-तास साठवते. दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी ती पाऊण तासात संपवते. मोठ्या एसीपुढेही ती फार वेळ टिकत नाही. पंखा, दिवे आणि छोटा कॉम्प्रेसर फ्रिज मात्र त्याच बॅटरीवर रात्र आरामात काढतात, आणि छतावरचे २०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात तेवढी वीज परत भरून देते. म्हणून छतात बाहेर हवा फेकणारा पंखा, छताच्या आत फोमचा थर आणि बाजूला रुंद सावली, यांवर खर्च करणारा निर्माता एसीची जाहिरात करणाऱ्यापेक्षा भला. गॅस वापरायचा असेल तर टाकीचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यांत जास्त पैसे इथेच बुडतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा आणखी स्पष्ट केली. पक्क्या बांधणीच्या मोटर कारवानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था तपासणी करून मान्यता देतात. केंद्राच्या वर्गीकरणात खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत मोडते. मागे लोंबणाऱ्या भागावरही मर्यादा आहे : व्हीलबेसच्या साठ टक्क्यांहून जास्त नाही. निर्मात्याकडे मान्यतेचे प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत मागावी आणि त्यावरचे गाडीचे मॉडेल आपलेच आहे का ते वाचावे. उतरवता येणारा कॅम्पर असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी मंचेरियालच्या परिवहन कार्यालयाचे आणि विमा कंपनीचे म्हणणे लेखी घ्यावे. ‘पासिंगचे आम्ही बघतो’ हे वाक्य बिलावर छापलेले नसते. गाडी चालू असताना कॅम्परमध्ये कोणीही बसायचे नाही, मुलेसुद्धा नाहीत. मालवाहू गाडीच्या मागच्या भागात बसलेल्या माणसाला अपघातानंतर विम्याचा आधार मिळणे अवघड असते.

मुक्काम कुठे करायचा, याचाही निवडीशी संबंध आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कारवान पर्यटन धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी. कारवान पार्कची कल्पना त्यातून पुढे आली. ताडोबा किंवा कवालच्या जंगलात परवानगीशिवाय गाडी लावून झोपता येत नाही. मुक्काम प्रवेशद्वाराबाहेरच्या गावात, ढाब्याच्या मागे, नातेवाइकाच्या अंगणात होतो. तिथे पाणी आणि विजेचा पॉइंट मिळतो. म्हणून मोठ्या टाक्या आणि बॅटऱ्यांचा डोंगर विकणाऱ्या निर्मात्यापेक्षा बाहेरची वीज सुरक्षितपणे जोडता येईल असा पॉइंट, अर्थिंग आणि एमसीबी नीट देणारा निर्माता इथे अधिक उपयोगाचा.

उरतो दुरुस्तीचा प्रश्न, आणि दोन निर्माते तुल्यबळ वाटले की निकाल यानेच लागावा. पुणे, बेंगळुरू किंवा चेन्नईचा कारखाना कितीही नावाजलेला असला तरी गळती दुरुस्त करायला गाडी तिथवर नेणे परवडत नाही. हैदराबादपर्यंत फार तर. पाण्याचा पंप, नळ, बिजागऱ्या, दाराचे कुलूप, गॅसचे दांडे हे सगळे बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का, वायरिंगचा आराखडा कागदावर मिळतो का, आणि कापडाचा साचा देतात का, हे विचारावे. साचा न देणारा निर्माता पुढच्या कापडासाठी गिऱ्हाईक बांधून ठेवतो. दोन-तीन वर्षे जुन्या कॅम्परच्या मालकाशी गाठ घालून द्यायला सांगावे, आणि त्याला कॅम्पर कसा आहे असे न विचारता, पाणी कुठून येते आणि कारखान्याने फोन उचलला का, एवढेच विचारावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : थोडे मागणी नोंदवताना, थोडे सांगाडा डोळ्यांनी पाहिल्यावर, थोडे काट्याची पावती हातात पडल्यावर. ताबा घेण्यापूर्वी छत वर करून तासभर पाइपने पाणी मारायला लावावे आणि आतून चारही कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खाली आणि पलंगाच्या गादीखाली हात फिरवावा. हात कोरडा निघाला तरच शेवटचा हप्ता द्यावा.